काजूच्या कलमांचा पाला

लांज्याजवळच्या एका शाळेत मी नववीला शेती हा व्यावसायिक विषय शिकवत होतो. एका विद्यार्थिनीने घरामागच्या उतारावर काजूची दहा कलमं लावली होती. एप्रिलपर्यंत जितकी जगतील तितके गुण तिला मिळणार होते. मुळांशी ओल टिकावी म्हणून तिने आठवडाभर वाळका पाला गोळा करून मोठा ढीग केला.

मी पाहणीला गेलो तेव्हा ढीग जागेवर नव्हता. भात पेरायच्या जागेवर पाला जाळून जमीन भाजायची आमच्याकडे रीत आहे. हा पाला त्या भाजावळीसाठीच आहे असं समजून तिच्या आईने तो वाफ्यावर पसरून पेटवला होता.

“पोरीनं न सांगता काम केलंन, म्हणून मी वाडीभर सांगत होते,” आई म्हणाली.

“आये, तो कलमांचा पाला होता.”

“मग तेव्हा तोंड शिवलं होतंस काय?”

दुसऱ्या दिवशी आईने गुरांसाठी ठेवलेला पेंढा काढून दहाही कलमांच्या बुंध्याशी पसरला. एप्रिलमध्ये सात कलमं हिरवी होती. मी सात गुण लिहिले.

“ते तीन माझे कापा, सर. तिला दहा द्या,” आई म्हणाली.

“सातच राहू देत,” मुलगी म्हणाली.