न चाखलेलं सूप

माझ्या हाताला चव आहे, हे मला कोणी सांगायची वेळच येत नसे; मीच सगळ्यांना सांगत सुटायचे.

नव्वदच्या दशकात बहारीनला, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये आम्ही नवरा-बायको आणि एक फिलिपिनो बाई असे तिघं राहायचो. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक. नवरा पहाटे कंपनीच्या बसने सित्राला जायचा, ती मनामातल्या पार्लरमध्ये. तिच्या जेवणाकडे बघून मी नाक मुरडायचे. ना हळद, ना तिखट, ना चिंच! भात शिजवायचा, वर काहीतरी पांढरंफटक ओतायचं, झालं जेवण. "यापेक्षा आजाऱ्याची पेज बरी," असं मी नवऱ्याला मराठीत म्हणायचे, तेही तिच्यादेखत.

मग तिकडे फिलिपिन्सला तिची आई वारली. पार्लरच्या मालकिणीने 'रजा मफी', म्हणजे रजा नाही, म्हणून एका फटक्यात विषय संपवला. वर हिचा पासपोर्ट त्या मालकिणीच्याच कपाटात. बाई खोलीत जी आडवी झाली ती उठेचना. चार दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. मी वरणभात नेला, पेज नेली, सगळं तसंच परत आलं. मला खरंच भीती वाटायला लागली. परक्या मुलखात हिचं काही बरंवाईट झालं तर? पाचव्या दिवशी विचारलं, "अगं, खाशील तरी काय?"

"बाचोय," ती म्हणाली. तिची आई करायची ते. डुकराच्या हाडांचं सूप आणि त्यात नूडल्स.

घ्या! आमच्या गावी रानडुक्कर मारलं की अख्खी वाडी वाटा घ्यायला धावते, तेव्हा कोणाचा धर्म बुडत नाही. पण हे दुकानातलं, पाळलेलं? शिव शिव! तरी गेले. कोल्ड स्टोअर म्हणजे तिथलं वाणसामानाचं दुकान, त्याच्या मागे मुसलमान नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी खोली होती, तिथे डोक्यावरून पदर घेऊन शिरले. न जाणो, आपल्यातलं कोणी बघायचं! हाडं, मांस, कलेजी घेतली आणि चोरासारखी बाहेर पडले.

ती अंथरुणातून सांगत होती, मी करत होते. हाडं तीन तास उकळ, फेस काढ, लसूण कुरकुरीत तळ, तिच्या बरणीतली आंबवलेल्या जवळ्याची पेस्ट दोन चमचे घाल. शेवटी म्हणाली, "आधी चाखून बघ, मग मीठ."

चाखू? मी? आमच्याकडे नैवेद्याचा अख्खा स्वयंपाक न चाखता होतो. वीस माणसांच्या आमटीचं मीठ मी नुसत्या वासावरून सांगते, आणि हे डुकराचं पाणी जिभेला लावू? डोळ्यांनीच अंदाज घेतला, चांगलं मूठभर मीठ टाकलं आणि वाडगा भरून ऐटीत तिच्यापुढे ठेवला.

तिने एक चमचा तोंडात घातला आणि तिचं तोंडच वाकडं झालं. ती पेस्ट म्हणजे निव्वळ मीठ, हे मला कुठलं माहीत असायला! "चाखलं नाहीस?" तिने विचारलं.

"आम्हाला चालत नाही," मी म्हटलं. तेही तोऱ्यात.

चार दिवस न उठलेली बाई उठली. भिंत धरत स्वयंपाकघरात गेली, अर्धं सूप सिंकमध्ये ओतलं, पाणी वाढवलं, उकळी आणली, चाखलं, पुन्हा चाखलं. मग ओट्याशी उभी राहूनच, माझ्याकडे पाठ करून, रडत रडत दोन वाडगे संपवले. जेवली एकदाची! माझा जीव भांड्यात पडला. बघा, माझ्यामुळे उठली की नाही, असंसुद्धा मी नवऱ्याला सांगितलं. काय म्हणावं या जिभेला!

त्यानंतर वर्षभर आम्ही त्याच शेगडीवर रांधलं. मी तिला गणपतीचे मोदक दिले, नारळीभात दिला, कोंबडीवडे दिले. ती ताट जसंच्या तसं माझ्या ओट्यावर आणून ठेवायची आणि गोड हसून म्हणायची, "मला चालत नाही." मोदकात न चालण्यासारखं काय असतं, हे विचारायला मला तोंडच नव्हतं.