पिवळं पाणी हिरवं होईपर्यंत

आक्काचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गात शिकवत होतो. "दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली. त्याला आता दीड महिना होतोय. फुफ्फुसाच्या कर्करोगानं ते वर्षभर झिजत होते, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी शाळा सुटली की पाय अजून त्यांच्या गावाच्या, कासार आंबोलीच्या वाटेला वळू पाहतात…

ज्ञानोबादाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तरणेपणापासून पौड रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर चकचकीत मुलामा चढवायच्या टाकीवर कामाला होते. काही वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली. पाणी पिवळं होतं.

"मास्तर, तुमी रसायनं शिकवता. ह्ये काय हाय?"

"क्रोमियम वाटतंय. विषारी रूपातलं. कुठलं पाणी हे?"

"आपल्या वड्याचं." मग बाटली उजेडात धरून म्हणाले, "पिवळं म्हंजी इख. पावडर टाकली की हिरवं व्हतं, गाळ बसतो, त्यो येगळा काढायचा. शेटनी पावडर बंद केली. वड्याकडचा वाल्व्ह खोल म्हनला… म्या खोलला. लई दिस."

ओढ्याकाठीच गावाची विहीर. मी घाबरलो. म्हटलं, "दाजी, निनावी अर्ज करू."

"वाल्व्ह काय निनावी हातानं खोलला व्हय?"

ग्रामसभेत ते उभे राहिले आणि सगळं बोलले, स्वतःच्या हातासकट. तपासणी झाली, शेड बंद पडली. विहिरीवर पाणी पिऊ नये अशी पाटी लागली. ती अजून आहे. ज्यांची कामं गेली ते दाजींशी बोलेनात, सख्ख्या भावानं कार्याचं आवतन दिलं नाही. दाजी मात्र ओढ्याचं पाणी पांढऱ्या वाटीत धरून बघत राहायचे. "फिकं पडतंय," म्हणायचे. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून विष संपत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता वाटतं, त्यांना ते ठाऊकच असावं…

टाकीच्या वाफेनं त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं, वास कायमचा गेला होता. आंबेमोहोर शिजला की ते चुलीपाशी येऊन विचारायचे, "आला का वास?" आक्कानं "आला" म्हटल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. आक्कानं भातावरचं झाकण उचललं, घर दरवळलं. ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "आला हो."

मग तिनं दोनच पानं घेतली.