झेंडूच्या हारामागचा दिवा

झेंडूच्या वासाबरोबर मला अजूनही जळक्या वॉर्निशचा वास येतो. साठ सालच्या आसपास मी बंगळूरच्या यशवंतपूरजवळच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होतो. प्रत्येक शेडमधल्या मोटारीचा एक दिवा आमच्या भिंतीवरच्या पॅनेलवर असे. मोटार ठीक तर हिरवा, बिघडली तर लाल. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्या पॅनेललाही हळदकुंकू लागलं आणि जाडजूड हार चढला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. भट्टी फार तापू नये म्हणून तिला पाणी पुरवणारा पंप तेवढा चालू होता आणि ड्यूटीवर आम्ही दोघंच, पुण्याहून आलेला मी आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेल्या मराठी घराण्यातले माझे वरिष्ठ. "अण्णा, हारामागे दिवे दिसत नाहीत. काढू का?" मी विचारलं. "पूजेचा हार आहे, संध्याकाळच्या आरतीआधी हलवायचा नाही. स्वल्प थांब," ते त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले. दुपारी खिडकीतून जळका वास आला. अण्णांनी फुलं बाजूला सारली, तर पंपाचा दिवा लाल होता, कधीपासून कोण जाणे. ते धावत गेले आणि दुसरा पंप चालू करून त्यांनी भट्टी वाचवली. पहिल्याची मोटार मात्र तारांवरच्या वॉर्निशसकट जळाली. परतले तेव्हा हात काळे झाले होते. हार त्यांनी तरीही काढला नाही. आरती होईपर्यंत ते पॅनेलसमोर उभे राहिले, दोन बोटांनी फुलं बाजूला धरून. आज देवाच्या तसबिरीला हार घातला की माझी दोन बोटं आपोआप फुलं बाजूला करतात. मागे दिवा नसतो, तरी मी थोडा वेळ बघत राहतो.