रजेत न बसलेले महिने

शाळेत मी गेले नाही. भावाची पाटी बघत बघत अक्षरं काढायला शिकले. वडील मागंच वारलेले, त्यामुळं घरात लिहिणारी मी एकटीच. म्हणून ते पत्र माझ्या हातनं गेलं.

लढाईचा काळ. भाऊ पलटणीत. दिवाळीला रजेवर कुंडलला आला आणि पुन्हा समुद्रापलीकडं गेला. वहिनीला दिवस गेले, पण शिमग्यालाच तिचं पोट असं आलं, की बघणारीचे डोळे तिथंच अडकावेत. सुईणीनं हात फिरवला. म्हणाली, "सातवा लागलाय. पर आत काय हालत न्हाई."

आई म्हणाली, "दिवाळीपास्नं चारच भरत्यात."

"मग तुमचं तुमी बघा."

आईनं मला कागद घ्यायला लावला आणि सांगितलं, "लिव. तुझ्या बायकोचं पोट तुझ्या रजेत बसत न्हाई." मी लिहिलं, बरं का. तेरा वर्षांची होते, पण कळत नव्हतं असं कसं म्हणू?

वहिनीनं विचारलं, "वन्सं, काय लिवलं?"

"उसाचं."

"लय लांब ऊस हाय तुमचा," एवढंच बोलून ती जात्यावर बसली.

पंधरा दिवसांनी तिला रक्त जायला लागलं. गाडीनं स्टेशन, तिथनं रेल्वेनं सांगली. डॉक्टरीणबाईंनी पोट मोकळं केलं आणि आईला चिनी मातीचं भांडं दाखवलं. आत भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पाणीदार दाण्यांचे घोस.

"मूल नव्हतंच. नुसती वार वाढत गेली."

"आन महिनं?" आईनं विचारलं.

"चारच. आता दर महिन्याला आणा. एखादा दाणा मागं राहिला, तर दुसरीकडं मूळ धरतो."

मूल का नव्हतं, त्याचं कारण मला फार उशिरा, नातीच्या पुस्तकातनं कळलं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. दुभागायच्या आधी आतल्या धाग्यांची नक्कल होते, आणि दोघींना सारखी वाटणी मिळते. फक्त बीज तयार होताना धागे निम्मे होतात, म्हणजे आईचे निम्मे, बापाचे निम्मे, मिळून मूल. वहिनीच्या बीजात तिचे निम्मे नव्हतेच. बापाकडच्या धाग्यांनी आपलीच दुप्पट केली आणि पेशी दुभागत सुटल्या. ज्यात दुसऱ्याचा अंश आम्ही शोधत होतो, ते सगळं माझ्या भावाचंच होतं.

दवाखान्याच्या ओसरीवरच मी दुसरं पत्र लिहिलं, चूक झाली म्हणून. पण त्याच्या हाती पहिलं आधी पडलं. उत्तर आलं, "तिला माहेरी पोचवा."

आई म्हणाली, "थांब गं, दुसरं मिळालं की बोलवील त्यो."

"मिळू दे की मग," वहिनी म्हणाली आणि पलूसला गेली. दर महिन्याला सांगलीला न्यायचं कुणी, हे दोन्ही घरांनी एकमेकांवर सोडलं.

आषाढात भावाचं दुसरं उत्तर आलं. ते घेऊन आम्ही पलूसला गेलो. ती अंथरुणावर होती. खोकली, की पदराला रक्त लागे; मागं राहिलेल्या दाण्यानं छातीत मूळ धरलं होतं. आई दारातच बसली. मी वाचलं, "माझं चुकलं. तिला घरी आणा."

"पुढं काय लिवलंय, वन्सं?"

पुढं काही नव्हतं. मी सही वाचली.