हवा माझ्याकडं होती

माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा किती नेमका पाडून घ्यावा, हे बघायचं असेल तर माझ्याकडं बघा. चहा निवायच्या आत सांगून मोकळी होते, पण हसायचं ते शेवटी.

आमचं गाव कोल्हारच्या पुढं, प्रवरेच्या काठाला. राज्याच्या पर्यावरण विभागाचं गावांसाठी अभियान असतं बघा, जमीन, पाणी, हवा असे वेगवेगळे गुण मिळतात. मी ग्रामपंचायत सदस्य. सभेत जमीन, पाणी लोकांनी पटापट उचललं, हवा कुणी घेईना. दिसत नाही ना, काम दाखवायचं काय? मी घेतली. आणि अशी घेतली म्हणता, महिनाभर रानात पाऊल टाकलं नाही. आमचा ऊस तुटून गेला, तेही मला जेवताना कळलं.

माझा नियम एकच. ऊस तुटल्यावर खाली राहिलेलं पाचट कुणी पेटवायचं नाही. धूर दिसला की हवेचे गुण गेले, गावाचा नंबर गेला. देवळाच्या भोंग्यावरून रोज बजावायचे. मला बघून लोक विडी विझवायला लागले होते.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी पंचायतीच्या गच्चीवर उभी. बघते तर काय, ओढ्यापलीकडं धुराचा लोट! मोबाईलवर मोठं करून बघितलं. धुरात आमचे बबनभाऊजी, माझे चुलत दीर, हातात फांदी घेऊन जाळावर वाकलेले.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या आमच्या रानामधल्या बांधावरून आमचं आधीच धड नव्हतं. फोटो काढला, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'गावाच्या तोंडाला काळं फासणारे हे बघा.'

धडाधड अंगठे आले. पंचायतीचा शिपाई सोपान, त्यानं तेवढं लिहिलं, 'वैनी, जरा नीट बगा, ते रान कुनाचं.' ग्रुपची ॲडमिन मी. काढून टाकलं त्याला.

तेवढ्यात तपासणीच्या मॅडम आल्या. शांत बाई, हातात वही. सरपंच माझ्या कानाशी आले. "ताई, यांला शाळंच्या बागंकडं न्या. तिकडनं धूर दिसत न्हाई."

गप्प बसायला काय झालं होतं मला? पण नाही. मी म्हणाले, "लपवायचं कशाला? मॅडम, आमच्या गावात एक माणूस दोषी आहे. चला, मी स्वतः दाखवते." सरपंचांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, माझा प्रामाणिकपणा बघून.

ओढा ओलांडला. जाळ विझत आला होता. भाऊजी घामाघूम होऊन लिंबाच्या ओल्या फांदीनं तो झोडपत होते. पेटवत नव्हते हो, विझवत होते. आणि उभे होते ते बांधाच्या अलीकडं, आमच्या रानात.

आमचे हे पाण्याची कळशी घेऊन पळत आले. मी दात-ओठ खात विचारलं, "कुणी पेटवलं?"

"म्याच. सायेब यायच्या आत सगळं साफ पायजे, तूच म्हनली ना? वारं फिरलं अन् गेलं हाताबाहेर. बबन धावला म्हनून त्याचा उभा ऊस वाचला."

"अहो, भोंग्यावर रोज काय सांगत होते मी?"

"ते गावाला हुतं. आपन घरचे ना?"

लाजेनं मेले मी. बांधावर भाऊजींचा मोबाईल पडलेला, ग्रुपवरच्या अंगठ्यांनी एकसारखा वाजत होता. त्यांना तो बघायला फुरसतच झाली नव्हती.

मॅडमनी वही उघडली. "हे रान कुणाचं?"

भाऊजींनी तोंडावरची काजळी बाहीनं पुसली आणि माझी बाजू घेतली.

"वैनींचं. पन त्यांला काय बोलू नका, म्याडम. लई काम असतं त्यांला. गावाची हवा त्याच बगत्यात."