पलंग नेला तो दिवस

"भाऊजी, उठा. पलंग न्या लागते."

एवढं बोलून माझ्या धाकट्या जावेनं, सुमननं, माझ्या आजारी नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. तीस वर्षांत ती या थोरल्या दिरासमोर तोंड उघडून बोलली नव्हती. आमच्या उंद्री गावात बाया भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाहीत. त्या दिवशी पदर खोचून बोलली.

वसुलीवाला बाहेर माझ्याच खुर्चीवर बसून माझ्याच माठातलं पाणी पीत होता. त्याला कशाला हात लावावा लागला नाही. आमच्या बायांच्या गटाच्या कर्जाचा नियमच तसा: एकीचे हप्ते थकले की बाकी नऊजणींनी भरायचे. थकले होते माझे. तो फक्त म्हणाला, "इचे पैसे आल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही." नऊजणी, त्यात सुमनही, सकाळपासून माझ्या ओट्यावर बसल्या. दुपारी त्यांना भूक लागली आणि हप्त्यापोटी सामान उचलायला त्या आत शिरल्या.

भिंतीला टेकून बसलेला नवरा म्हणाला, "जाऊ दे वं, आपल्याच बाया हायेत." तेच मला अजून सलतं. परक्या असत्या तर मी विळा काढला असता.

आठ दिवसांनी कुलूप लावून आम्ही पुण्याला, भोसरीत आलो. इथे मी मेसमध्ये पोळ्या लाटते. रूमचं डिपॉझिट, टिफिनची घाई, सगळं अंगवळणी पडलं. उरलेले हप्ते इथूनच फेडले. फिटल्याचा कागद मिळाला तेव्हा नऊ झेरॉक्स काढल्या आणि नऊ घरी पोस्टानं पाठवल्या. एकीचंही उत्तर आलं नाही.

परवा सुमनचा फोन आला. आता तिचे हप्ते थकलेत.

"बाई, मले वाचवा. आठही जणी ओट्यावर बसून राह्यल्या."

"जेवल्या का त्या?"

"नाही."

"मंग येतीन आत. भांडे आंधी उचलतीन."

फोन ठेवला. वाईट वाटलं नाही. पोळ्या नेहमीसारख्या फुगल्या.

गाव सोडून आलेले शेजारी म्हणतात, तिकडचं घर विकून टाका. मी विकत नाही. ते सुमनच्या दारासमोर आहे. तिनं रोज उठून ते बंद दार बघावं. गावाकडच्या घराचा मला आता तेवढाच उपयोग आहे.

गटातल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिलं. वाचता येत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्या.

नवऱ्यानं पुण्यातला दुसरा हिवाळा काढला नाही. पलंग नेला त्या दिवशी त्या खोलीत घरचे असे आम्ही दोघंच होतो. त्यातली मी जिवंत आहे.