साडेसहाशे वॅटचा रिव्ह्यू

ऋतिका परबचे व्हिडिओ मी शूट करायचो. आम्ही घाटकोपरच्या भटवाडीत शेजारी शेजारी राहतो, आणि माझ्याकडे लग्नांच्या कामाचा कॅमेरा होता, एवढीच माझी पात्रता.

ती कॉम्प्युटरचे पार्ट तपासायची आणि मराठीत सांगायची, कोणता घ्यावा आणि कोणता घेऊ नये. बाकीचे लोक ग्राफिक्स कार्डांच्या मागे असायचे. ऋतिकाचा जीव पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या त्या लोखंडी डब्यात. "त्याच्याकडे कोणी बघतच नाही रे शौनक," ती म्हणायची. "आणि बिघडला की सगळं घेऊन जातो."

तिचे वडील, चंद्रप्रकाशकाका, गिरणी बंद पडल्यावर वायरमन झाले होते. सोल्डरिंग तिला त्यांनीच शिकवलं. तपासणीचं महागडं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून बापलेकीने एका फळीवर गाडीच्या हेडलाइटचे बारा दिवे बसवले. एकेक दिवा लावत जायचं, डब्यावरचा भार वाढत जायचा. बारा दिवे पेटले की खोलीत उभं राहवत नसे. काकू पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या आणि बाहेर जाऊन बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका ब्रँडने तिला साडेसहाशे वॅटचा नवा डबा पाठवला. ब्रँडचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. चार तास पूर्ण भार दिला, डबा हलला नाही. उघडून पाहिला, आतलं कामही नीटनेटकं. ऋतिका कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "या किमतीत डोळे झाकून घ्या." तो व्हिडिओ तिच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला.

आठ महिन्यांनी त्याच व्हिडिओखाली एक कमेंट आली. 'ताई, तुमचं ऐकून माझ्या नवऱ्याने हा घेतला. तो आता नाही. मला फोन कराल का?' खाली नंबर होता. नाव रेवती.

आम्ही मुलुंडला तिच्या घरी गेलो. रेवतीचा नवरा निलेश व्हिडिओ एडिटिंग करायचा. दुपारी तीनच्या सुमारास कॉम्प्युटरमध्ये स्फोट झाला, शेजारच्या खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. निलेश बाहेर आला होता. पण हार्ड डिस्कमध्ये तीन लोकांच्या लग्नाचं शूटिंग होतं, म्हणून तो परत आत गेला. नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होता.

मग रेवती म्हणाली, "शिव्या द्यायला नाही बोलावलं तुम्हाला. कागदावर नुसतं शॉर्टसर्किट लिहिलंय. आत काय होतं ते मला कळायला पाहिजे." आणि तिने पिशवीतून तो काळा पडलेला डबा काढला.

ऋतिकाने तिथेच, लादीवर बसून तो उघडला. मी शूट केलं. ती आत वाकून बघत हळूच म्हणाली, "हा तो नाहीये." बाहेरून तोच डबा, तेच मॉडेल. आतला बोर्ड वेगळा. बिघाड झाला की वीज तोडणारे भाग जिथे असायला हवे होते, तिथे रिकाम्या जागा होत्या.

त्यानंतर तिने बोरिवलीच्या आणि अंधेरीच्या दुकानांतून तेच मॉडेल स्वतः विकत आणलं. दोन्हींच्या आत तोच हलका बोर्ड. आठव्या दिव्याला एकातून धूर आला, तरी तो बंद झाला नाही. रिव्ह्यूवाल्यांना एक माल आणि गिऱ्हाइकांना दुसरा.

व्हिडिओ टाकला. चार दिवसांत कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आणि व्हिडिओ उतरवला गेला. लोकांनी लिहिलं, 'या वेळी पाकीट मिळालं नाही वाटतं.' ऋतिकाला ते लागलं नाही. तिला वेगळंच खात होतं.

"बाबा, मी खोटं बोलले का?" तिने एकदा विचारलं.

काका खाली बघून म्हणाले, "खोटा बोलूक नाय गो तू. पण एक नग बघून हजारांची हमी दिलंस."

दुसऱ्या दिवसापासून तिने जुन्या व्हिडिओखाली 'घेतला' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला निरोप पाठवायला सुरुवात केली. दोनशेच्या वर माणसं होती. साठेक जणांनी उत्तर दिलं. खारदांड्याच्या एका पोरीचा विश्वासच बसेना, तेव्हा ऋतिका तिच्या घरी गेली, तो डबा काढला आणि आपल्या कॉम्प्युटरमधला बसवून आली. बाकीच्यांचं काय झालं, तिला कधीच कळलं नाही.

रेवतीने ग्राहक आयोगात तक्रार केली. ऋतिका साक्षीदार. तिने इस्त्री केलेला कुर्ता घातला होता, हातात मोजमापांची फाइल. कंपनीच्या वकिलाने ती फाइल उघडलीही नाही.

"आपण इंजिनियर आहात?"

"नाही."

"या वस्तूवरचं सील कोणी तोडलं?"

"मी."

"म्हणजे आतले भाग तुम्ही काढले नाहीत, याला पुरावा काय?"

आमचं शूटिंग होतं. पण डबा आगीनंतर पाच महिने पिशवीत पडून होता, मग एका रिव्ह्यू करणाऱ्या बाईने स्क्रू ड्रायव्हरने उघडला, असं ते मांडत गेले. दुकानांतून आणलेले डबेही तिनेच उघडलेले, म्हणून तेही बाजूला पडले. नंतर प्रयोगशाळेचा अहवाल आला. वस्तू जळालेली आणि हाताळलेली असल्याने निष्कर्ष काढता येत नाही. तक्रार फेटाळली गेली. तोवर कंपनीने मॉडेलचं नाव बदललं होतं; जुन्या नावाचा माल मात्र दुकानांत आणि ऑनलाइन विकला जातच होता.

निकालाच्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर ऋतिका म्हणाली, "मी तो उघडायलाच नको होता. आधी कोणाला तरी विचारायला हवं होतं."

मला वाटलं, रेवती आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मीच दिला होता ना तुला," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं आणि रिक्षा बघायला रस्ता ओलांडून गेली. त्यानंतर त्या दोघी भेटल्या नाहीत.

ऋतिका आता पवईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करते. कोणी विचारलं, अमुक कंपनीचा पार्ट कसा आहे, तर म्हणते, "माझ्या हातात दे, मग याच्याबद्दल सांगते. दुसऱ्याबद्दल नाही." चॅनल तिने बंद केलं नाही. जुना व्हिडिओ अजून तिथे आहे, वर निलेशचं नाव आणि 'हा घेऊ नका' असं लिहिलेलं. तरी मधूनच कोणीतरी खाली लिहून जातं, 'ताई, आजच ऑर्डर केला.' मग ती जेवण अर्धवट टाकून उठते आणि त्या माणसाला शोधायला लागते.